मतदारयादीतल्या पन्नास ओळी तपासून काय कळतं?

2025 च्या शेवटी नगरपरिषदांच्या निवडणुका लागल्या आणि दुबार नावांवरून राज्यभर गदारोळ झाला. 1 नोव्हेंबरला मुंबईत मोर्चा निघाला. राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे डबल स्टार लावायचं ठरवलं. अशा वेळी 'मी पन्नास नावं तपासली, यादी बोगस आहे' किंवा 'एकदम ओके आहे' असे मेसेज हमखास येतात. त्यांना एवढंच विचारा: ती पन्नास उचलली कुठून?

पहिली पन्नास असतील तर ती एकाच गल्लीतली, कारण यादी घरांच्या क्रमाने असते. अँड्रॉइडवर टर्मक्स टाकलंत की त्यात 'शफ' ही कमांड मिळते. फाईलचं नाव आणि किती ओळी हव्यात ते घेऊन शफला देणारं दोन ओळींचं शेल फंक्शन लिहा. त्याचं नाव 'नमुना' असं देवनागरीत ठेवलं तरी बॅश तक्रार करत नाही! फाईल कितीही मोठी असो, पन्नासच ओळी हातात धरूनही काम होतं: पहिल्या पन्नास ठेवायच्या, मग शंभरावी ओळ आली की ती 100 मध्ये 50 शक्यतेने आत घ्यायची आणि आधीची कुठलीतरी एक काढायची. हजाराव्या ओळीला 1000 मध्ये 50. शेवटी प्रत्येक ओळीला सारखीच संधी मिळालेली असते.

पण दुबार नावं शोधायला हे हत्यारच चुकीचं आहे. 10,000 नावांत 200 जोड्या दुबार असल्या, तरी 100 ओळींच्या नमुन्यात एखादी पूर्ण जोडी येण्याची शक्यता जेमतेम 2 टक्के. तिथे अख्खी यादी सॉर्ट करूनच बघावी लागते. त्यातही नाव जुळलं म्हणजे माणूस एकच, असं नाही. आमच्या वाळवा तालुक्यात एकाच नावाचे पाटील किती निघतील!

नमुना खरा कामाचा ओसीआरसाठी. याद्या फोटोसारख्या पीडीएफमध्ये मिळतात. मजकूर स्वरूपात द्या, ही मागणी सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच फेटाळली. म्हणून मजकूर आपणच काढायचा, एका मतदाराची एक ओळ करायची, आणि त्यातल्या 60 ओळी मूळ पानाशी ताडून बघायच्या. एकही चूक नाही सापडली, तरी 5 टक्क्यांपर्यंत ओळी चुकीच्या असू शकतात, हे धरून चाला. आणि त्या ओळी ग्रुपवर टाकू नका, लोकांचे पत्ते असतात त्यात. इस्लामपूरकरांनी अजून एक बघायचं: 2025 मध्ये सरकारने गावाचं नाव ईश्वरपूर जाहीर केलंय, त्यामुळे जुन्या-नव्या फाईली जोडताना दोन्ही नावं शोधा.