भूकंपानंतरची वीज आणि नियामकाचा अधिकार

जपानच्या ईशान्य किनाऱ्याला ११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास ९ तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले, तेव्हा फुकुशिमा दाइची प्रकल्पातील सहापैकी तीन अणुभट्ट्या चालू होत्या. धक्का बसताच त्या आपोआप बंद झाल्या. यंत्रणेने आपले काम तेथवर चोख बजावले होते, हे नंतरच्या गदारोळात विसरले गेले. घात झाला तो विजेच्या अभावी. बंद पडलेल्या अणुभट्टीतही किरणोत्सारी द्रव्याच्या ऱ्हासातून उष्णता निर्माण होतच राहते. ती काढून घेण्यासाठी पंप अखंड चालावे लागतात आणि पंपांना वीज लागते. इतरांना वीज पुरवणारा प्रकल्प अशा वेळी स्वतःच विजेचा याचक होतो. बाहेरून येणाऱ्या वाहिन्या भूकंपाने निकामी केल्या. डिझेल जनित्रे सुरू झाली. परंतु पन्नास मिनिटांच्या आत येऊन थडकलेल्या त्सुनामीने तळघरातील बहुतेक जनित्रे आणि वीज वितरणाचे फलक बुडवले.

पुढचे काही दिवस जे चालले ते वीज परत आणण्याचे केविलवाणे प्रयत्न होते. जनित्रे बसवलेल्या मोटारी ठिकठिकाणांहून निघाल्या आणि खचलेल्या, वाहनांनी तुंबलेल्या रस्त्यांवर अडकल्या. नियंत्रण कक्षातील मापके वाचता यावीत म्हणून कर्मचाऱ्यांनी वाहनतळावरच्या मोटारींतील बॅटऱ्या काढून आणल्या. दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीपर्यंत मोठ्या कष्टाने केबल टाकून होते न होते, तोच १२ मार्चच्या दुपारी पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला आणि ती केबल निकामी झाली. बाहेरची वीज प्रकल्पात पुन्हा पोहोचली ती २० मार्चला. तोवर तीन अणुभट्ट्यांतील इंधन वितळून गेले होते.

दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर असलेल्या फुकुशिमा दाइनी प्रकल्पाचीही त्सुनामीने दाणादाण उडवली होती. मात्र तेथे बाहेरची एक वाहिनी शाबूत राहिली. सुमारे दोनशे कर्मचाऱ्यांनी अंगाखांद्यावर वाहून नऊ किलोमीटर केबल टाकली आणि चारही अणुभट्ट्या वाचवल्या. भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ असलेल्या ओनागावा प्रकल्पातही पाचपैकी एक वाहिनी टिकली. शिवाय तो जवळपास पंधरा मीटर उंचीवर बांधलेला होता. दुर्घटना आणि बचाव यांत अंतर किती होते, हे त्या एकेका वाहिनीवरून समजते.

मग दाइचीमध्ये दीर्घकाळ वीज जाईल हे कोणाच्याच ध्यानी आले नव्हते काय? आले होते, पण ते ध्यानी घेण्याची गरज नाही, असे जपानच्या अणुसुरक्षा आयोगाने १९९० च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहून ठेवले होते. वाहिन्या किंवा आपत्कालीन जनित्रे लवकरच दुरुस्त होतील हे गृहीत धरून संपूर्ण वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित राहण्याची शक्यता बाजूला सारण्यात आली. याच प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या आयोगाच्या गटाने तर अशी दक्षता का नको, याची कारणमीमांसा वीज कंपन्यांकडूनच लिहून मागवली होती, हे २०१२ मध्ये उघड झाले. नियामकाने प्रश्नपत्रिका काढावी आणि उत्तरेही परीक्षार्थीकडूनच लिहून घ्यावीत, असा हा प्रकार. पंधरा मीटरहून उंच लाट येऊ शकते, असा अंदाज कंपनीच्या हाती २००८ मध्येच आला होता. तोही कपाटात राहिला.

हे सारे चव्हाट्यावर आणले ते जपानच्या संसदेने. कियोशी कुरोकावा यांच्या अध्यक्षतेखाली संसदेने स्वतंत्र चौकशी आयोग नेमला. जपानच्या संसदीय इतिहासातील तो असा पहिलाच आयोग. त्याने जाहीर सुनावण्या घेतल्या, माजी पंतप्रधान नाओतो कान यांनाही साक्षीला बोलावले आणि जुलै २०१२ च्या अहवालात ही दुर्घटना मानवनिर्मित ठरवली. अणुऊर्जेचा पुरस्कार करणाऱ्या मंत्रालयाच्याच पंखाखाली असलेली जुनी नियामक संस्था मोडीत निघाली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये नवे नियमन प्राधिकरण आले. या प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्सुरुगा येथील दुसऱ्या अणुभट्टीला, खालून सक्रिय प्रस्तरभंग जात असण्याची शक्यता नाकारता येत नाही म्हणून, परवानगी नाकारली. न्यायालयाकडून मात्र कोणाला शिक्षा झाली नाही. कंपनीच्या माजी अधिकाऱ्यांची निर्दोष मुक्तता मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तेव्हा जे काही रोखायचे ते आधीच, आणि तेही नियामकानेच रोखले पाहिजे.

हा इतिहास दिल्लीला दूरचा वाटत असेल, तर राजधानीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर गंगाकाठी असलेल्या नरोरा प्रकल्पाकडे पाहावे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे तेथील टर्बाइनचे पाते तुटले, आग लागली, केबल जळाल्या आणि प्रकल्पाची वीज तब्बल सतरा तास गेली. कर्मचाऱ्यांनी अग्निशमनाच्या डिझेल पंपांतून पाणी देऊन अणुभट्टी सांभाळली. याचे श्रेय त्या कर्मचाऱ्यांना द्यायलाच हवे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत समुद्राचे पाणी पंपगृहात शिरल्यावर कल्पाक्कमची अणुभट्टीही सुरक्षितपणे बंद करण्यात आली. अभियंते कसोटीला उतरले, यात शंका नाही. शंका आहे ती दिल्लीतल्या व्यवस्थेविषयी.

अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये कार्यकारी आदेशाने स्थापन झाले. ज्या व्यवस्थेवर देखरेख करायची तिच्याच छत्राखाली ते वाढले. फुकुशिमानंतर सप्टेंबर २०११ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत मांडले गेले. ऑगस्ट २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या दुबळ्या वैधानिक स्थितीवर बोट ठेवले. डिसेंबर २०१३ मध्ये मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने तेच अधिक कठोर शब्दांत सांगितले. पंधरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्यासोबत गेले. त्यानंतर दशकभर कोणत्याही पक्षाला त्याची आठवण झाली नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये 'शांती' विधेयकाने मंडळाला अखेर वैधानिक दर्जा दिला, आणि त्याच कायद्याने खासगी कंपन्यांना अणुऊर्जेचे दार उघडले. विधेयक मांडले गेले हिवाळी अधिवेशनाच्या अखेरच्या आठवड्यात आणि चार दिवसांत दोन्ही सभागृहांत संमतही झाले. कोणत्याही समितीकडे ते गेले नाही. विरोधकांचा रोख मुख्यतः पुरवठादारांच्या दायित्वावर होता. तो रास्तच होता. परंतु नियामकाच्या नेमणुका आणि पैसा अणुऊर्जा विभागापासून कितपत अलग राहणार, याची बारकाईने छाननी व्हायला हवी होती, तीही समितीत. खासगी मालक आल्यावर परवाना नाकारण्याची किंमत वाढते. ती पेलण्याचे बळ कायद्यातील एका शब्दाने येत नाही.

महाराष्ट्राला याची झळ अधिक लागू शकते. १९६७ च्या कोयना भूकंपात जलविद्युत केंद्र थांबले आणि मुंबईतील कारखाने विजेअभावी ठप्प झाले, हे जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या फुकुशिमाच्याच जातीच्या, उकळत्या पाण्यावर चालणाऱ्या आहेत. जैतापूरला ९,९०० मेगावॉटचे नियोजन आहे.

वाहिन्या हा तर वेगळाच गुंता. प्रकल्प अणुऊर्जा विभागाचे, त्यांना जिवंत ठेवणारे जाळे ऊर्जा मंत्रालयाचे आणि काही अंशी राज्यांचे. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेचे जाळे कोसळायला भूकंपही लागला नव्हता. लोकसभेत अणुऊर्जा विभागाचे प्रश्न बुधवारी घेतले जातात, ऊर्जा मंत्रालयाचे दुसऱ्याच दिवशी. भूकंपानंतर नरोऱ्याला किंवा तारापूरला पहिली वाहिनी किती तासांत जोडून देणार, हा प्रश्न यांपैकी कोणत्या दिवशी विचारायचा, हे मुरलेल्या खासदारालाही चटकन सांगता येणार नाही.