नोकरी सोडणाऱ्या बाई

शाळेतल्या बाईंनी मुलाच्या दहावीसाठी नोकरी सोडली तर लोक त्याला त्याग म्हणतात. नवऱ्याच्या बदलीमुळे सोडली तर समजूतदारपणा म्हणतात. सासूच्या आजारपणासाठी सोडली तर संस्कार म्हणतात. पण ‘मला आता वेगळं काही करायचं आहे’ एवढंच कारण त्यांनी दिलं, की चौकशी सुरू होते. घरात काही बिनसलं का? एवढी सुट्ट्यांची, मानाची नोकरी कोणी सोडतं का?

या प्रश्नांच्या मागे एक मोठा प्रश्न दडलेला आहे. बाईच्या नोकरीवर आणि नोकरी सुटल्यावर मोकळ्या होणाऱ्या तिच्या वेळावर हक्क कोणाचा?

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यातली मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई शिकवू लागल्या, तेव्हा बाईने शिकवणं हेच बंड होतं. त्यासाठी त्यांनी अंगावर शेण-चिखल झेलला. आज तीच नोकरी ‘बायकांना बरी’ म्हणून सुचवली जाते. बरी कशासाठी? मुलांची शाळा सुटते तेव्हा आईचीही सुटते, मे महिन्यात ती घरी असते, पगार येतो आणि स्वयंपाकही चुकत नाही. म्हणजे सोय बाईची नाही, संसाराची आहे.

आणि या नोकरीत शिकवणं तरी किती उरलं आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की, जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नये. पण मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरणं या अपवादातच बसतं. त्यावर तक्ते, अहवाल, ऑनलाइन माहिती. वर्गातली एखादी मुलगी आठ दिवस गप्प का आहे, हे विचारायला वेळच उरत नाही. ज्यांना शिकवायला मनापासून आवडतं, त्या बाई आधी थकतात.

मी स्वतः एका अनुदानित माध्यमिक शाळेत २३ वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला आणि स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता मी वस्तीतल्या बायकांबरोबर बसून त्यांना आलेल्या नोटिसा, पोटगीचे कागद, रेशनचे अर्ज वाचते. ज्यांना हवं त्यांना लिहायला शिकवते. सकाळी गाणं शिकते, केवळ आवडतं म्हणून. हातात येणारे पैसे कमी झाले, पण दिवस माझा झाला.

मात्र तो आपोआप झाला नाही. पहिल्याच महिन्यात ‘आता घरीच आहेस ना?’ हे वाक्य मला सगळीकडून ऐकू येऊ लागलं. सिलिंडर घ्यायला, भाच्याला शाळेतून आणायला, पाहुण्यांचं करायला मी हक्काची झाले. नोकरी होती तेव्हा निदान शाळेचे तास माझे आहेत हे घराला मान्य होतं. त्या वेळेची राखण पगार करत होता. बिनपगारी कामाच्या वेळेची राखण आपल्यालाच करावी लागते. म्हणून नोकरी सोडण्याआधी घरात हे स्पष्ट बोलून घ्यायला हवं : मी शाळा सोडते आहे, ती घरकामासाठी नव्हे.

असं निघून जाणं आपल्याकडे नवं नाही. पुण्यात हुजूरपागेत शिकवलेल्या अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांकडे गेल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. आज आपण त्यांना थोर म्हणून नमस्कार करतो. पण एखाद्या बाईला शेती करायची असेल, चित्रं काढायची असतील, नुसतं वाचायचं असेल तर? नोकरी सोडायला बाईला दर वेळी थोर कारणच का लागावं?

म्हणून सगळ्यांनी राजीनामे द्यावेत, असं मी मुळीच म्हणत नाही. मारहाणीच्या घरातून बाई बाहेर पडते ती अनेकदा स्वतःच्या पगाराच्या बळावर. मला स्वेच्छानिवृत्ती घेता आली, कारण जुन्या पेन्शन नियमांत २० वर्षांच्या सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन ती घेता येते. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी सरकारने ती पेन्शन बंद केली. सन २००० पासून शिक्षणसेवक म्हणून लागणाऱ्यांची पहिली तीन वर्षे मानधनावर जातात. विनाअनुदानित शाळेतल्या बाईंचं तर बोलायलाच नको. पूर्ण पगाराची वाट पाहण्यातच त्यांची उमेद सरते. ज्या नोकरीत धड राहता येत नाही, ती मनासारखी सोडता तरी कशी येणार? तेव्हा पेन्शनची आणि पूर्ण वेतनाची लढाई ही नोकरी सोडू पाहणाऱ्या बाईचीही लढाई आहे.

आणि सोडणार असाल, तर भविष्यनिर्वाह निधीचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे स्वतःच्या नावावर ठेवा. मुलाचा फ्लॅट, मुलीचं लग्न, नवऱ्याचा धंदा यांना त्या पैशांची आठवण तुमच्याआधी होते. तुमच्या उरलेल्या आयुष्याची ती शिदोरी आहे.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणी नोकरी सोडली असेल, कोणाला सोडायची असूनही सोडता आली नसेल, कोणी ठरवून तिथेच पाय रोवून उभ्या असाल. तिघींचेही अनुभव आम्हांला हवे आहेत. सविस्तर लिहा. पुढच्या अंकातली पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.