तोडणे वेगळे, खोलणे वेगळे

भंगारवाला गाडी तोडतो, मिस्त्री गाडी खोलतो. मराठीने या दोन कामांना दोन शब्द दिले आहेत. आपण मात्र दोन्हींकडे एकाच नजरेने पाहतो: हात काळे करणारे काम, शिक्षणात डोके न चालणाऱ्या पोराचे काम. मी कोल्हापुरात उर्दू आणि मराठी शिकवतो. आठवी-नववीनंतर वर्गातून गायब झालेला मुलगा पुढे बहुतेक वेळा कुठल्या तरी गॅरेजमध्येच भेटतो. म्हणून या फरकाबद्दल लिहायला हवे असे वाटते.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून एक छोटी चारचाकी बांधली. खर्च सुमारे ६० हजार रुपये आणि सुरू करायची दुचाकीसारखी किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर चालवू देणार नाहीत, असेही त्यांनी लिहिले आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. गोष्ट गोड आहे. पण एका कारागिराला बक्षीस मिळाले म्हणून बाकीच्या हजारोंना वाट मिळाली, असे होत नाही.

हे काम सोपे नाही. जुन्या गाडीचे भाग काढून नवी बांधायची तर आधी ती जुनी गाडी नीट खोलावी लागते. अशा गाडीला डोनर म्हणतात, रक्तदात्यासारखी. पहिल्यांदा बॅटरीची वायर सोडवायची. मग पेट्रोल, ऑइल आणि रेडिएटरचे पाणी काढायचे. वायरिंगच्या प्रत्येक टोकाला चिकटपट्टी लावून नाव लिहायचे, नाहीतर जोडताना हेडलाइटची वायर हॉर्नला जाते. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचे. गंजलेल्या बोल्टवर जोर करायचा नाही. त्यावर डिझेल सोडायचे आणि थांबायचे. मग इंजिन आणि गिअरबॉक्स चेनपुलीने उचलायचे. भंगारात हेच काम गॅस कटरने पटकन उरकते, कारण तिथे लोखंड वजनावर विकायचे असते. खोलणाऱ्याला मात्र प्रत्येक भाग पुन्हा जिवंत करायचा असतो. क्रम, नोंद, सबर आणि अंदाज या चार गोष्टी तिथे लागतात. वर्गात आम्ही याच गोष्टी शिकवायला धडपडत असतो.

इंग्लंडमध्ये रॉन चॅम्पियन नावाचे एक शिक्षक होऊन गेले. आउंडल इथल्या शाळेत ते मुलांकडून गाडी बांधून घेत. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल काढायचा, चौकोनी नळ्या वेल्ड करून सांगाडा करायचा आणि त्यावर सगळे बसवायचे. अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी हे सांगणारे त्यांचे पुस्तक १९९६ मध्ये आले आणि घराघरांतल्या शेडमध्ये लोक गाड्या बांधू लागले. ती शाळा श्रीमंतांची. तिथल्या मुलाने गाडी खोलली की ते शिक्षण ठरते. आपल्याकडेही अभियांत्रिकीचे विद्यार्थी २००७ पासून बाहा स्पर्धेसाठी एकट्याने चालवायच्या गाड्या बांधतात आणि त्यांचे फोटो छापून येतात, ते यावेतच. पण उद्यमनगरात तेच पाने हातात घेऊन उभा असलेला आपला सोळा वर्षांचा सलीम कुणाच्या हिशोबात नसतो.

एका वडिलांशी माझा वाद झाला. ते म्हणाले, "सर, धा हजार पगाराच्या नोकरीसाठी पंधरा वर्सं शिकवू? उस्तादच्या हाताखाली तीन वर्सांत पोरगा मिस्त्री होतोय." त्यांचा हिशोब चुकीचा नाही, अपुरा आहे. आयटीआयमधला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावी पास मुलासाठी आहे. नववीत शाळा सोडलेल्या मुलाला इंजिन कितीही कळत असो, कळंब्याच्या आयटीआयचा तो दरवाजा त्याला बंद. शिवाय एप्रिल २०२० पासून बीएस-सहा गाड्या आल्या. बिघाड आता स्कॅनरच्या पडद्यावर कोड होऊन दिसतो आणि तो वाचावा लागतो. उस्तादचा कान मोलाचा आहे, पण येत्या वीस वर्षांत कानाच्या जोडीला अक्षर लागणार आहे.

दुसरी गोष्ट कागदांची. खोललेल्या गाडीचे आरसी बुक कुठे आहे, चासी नंबर जुळतो का, कर्ज फिटले आहे का, हे न विचारता काम घेणारा मुलगा एखाद्या दिवशी चोरीच्या गाडीपाशी सापडतो. नाव आपल्यातले असेल तर संशय आधी येतो आणि चौकशी नंतर, हा अनुभव सांगायला नको. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते. ते कळवल्याचा कागद मागणे हा पाना धरण्याइतकाच धंद्याचा भाग आहे.

तिसरी गोष्ट सरकारला. कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. रस्त्यावरचे जीव वाचवणारा नियम म्हणून तो मला मान्य आहे. पण ब्रिटनमध्ये एकट्याने बांधलेली गाडी तपासून पास करण्याची स्वतंत्र सोय आहे: ब्रेक, दिवे, स्टीअरिंग पाहायचे, कमी असेल ते सांगायचे. आपल्या पुण्यात १९६६ पासून एआरएआयसारखी तपासणी संस्था आहे. कारागिराला परवडेल अशा फीमध्ये अशी खिडकी उघडली तर पुढच्या लोहारांना गाडी बदलून घ्यावी लागणार नाही.

कोल्हापूरला हे नवे नाही. १९०६ साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने इथे मुस्लिमांच्या शिक्षणासाठी संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी शाहू मिलचीही पायाभरणी झाली. शाळा आणि कारखाना ही त्यांच्या लेखी एकमेकांची शत्रू नव्हती. उस्ताद, शागीर्द, कारीगर आणि हुनर हे चारही शब्द फारसीतून आले आणि आपल्या बोलीत मुरले. मिस्त्री पोर्तुगीजांकडून आला. भाषेने कारागिराला इतक्या लांबून मान आणून दिला आहे, तो घालवायचा नाही.

माझे मागणे तीनच. शाळेने एक जुनी मारुती मिळवावी आणि नववीच्या मुलांकडून ती शास्त्रशुद्ध खोलून घ्यावी, प्रत्येक भागाची नोंद उर्दू आणि मराठीत लिहून घ्यावी. गॅरेजवाल्या उस्तादांनी दहावीच्या परीक्षेपर्यंत शागीर्दाला अर्धा दिवसच ठेवावे. आणि आई-वडिलांनी मुलगा मिस्त्री होतो म्हणून लाजू नये आणि त्याच कारणाने त्याचे दप्तरही काढून घेऊ नये.