शेतकऱ्याचें हायस्कूल

अमेरिकेंत १९१७ सालीं स्मिथ-ह्यूजेस कायदा झाला. ग्रामीण कौंट्यांच्या सार्वजनिक हायस्कुलांत शेतकी शिकविण्यास त्यानें मध्यवर्ती सरकारचा पैसा दिला. मात्र तितकीच भर संस्थानिक सरकारनें अगर स्थानिक लोकांनीं घालावी, आणि विद्यार्थ्यानें वर्षांतून निदान सहा महिने देखरेखीखालीं प्रत्यक्ष शेतीकाम करावें, अशी अट घातली. पुस्तक व वावर यांची ताटातूट कायद्यानेंच टाळली.

आमची हयात महसुली दप्तरांत गेली. दहावी उत्तीर्ण झालेला कुणब्याचा मुलगा आपल्याच सातबाऱ्यावरील नोंदीचा अर्थ आम्हांस विचारी, तेव्हां दोष मुलाचा नसून शाळेचा, असें आम्हांस वाटे.

शेतकी शिकविल्यास मुलें नांगरासच जखडलीं जातील, हा आक्षेप पोकळ नाहीं. म्हणून गणित व इंग्रजी यांत तिळभरही काटछांट नको. परंतु आपल्याकडे २००९ च्या कायद्याचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षापर्यंतच आहे. पुढें हायस्कुलाची चाड गांवानेंच धरिली पाहिजे. शाळेस एकरभर जमीन व जाणता शिक्षक मिळावा, ही मागणी सभासद बंधूंनीं शाळेच्या सभेंत स्वतः जाऊन करावी. बियाणें पारखून घेणाऱ्यांनीं शाळा न पारखतां मुलें धाडावीं, हें शहाणपण नव्हे.