किरायदाराला घराचं काय दुखणं?

बीड असो, अंबाजोगाई असो की परळी, घरमालकांच्या तोंडी वाक्य ठरलेलं: "किरायदाराला घराचं काय दुखणं?" खिळे ठोकतात, मोरी तुंबवतात, भिंती काळ्या करून जातात. तक्रार खोटी नाही; मोरीत चहाचा चोथा ओतणारे मीही पाहिलेत. पण त्यावर सुचवले जाणारे दोन्ही उपाय मला पटत नाहीत.

पहिला उपाय, डिपॉझिट वाढवा. ते परत मिळेल असा भरवसाच नसल्यानं किरायदार शेवटचे दोन महिने किराया थांबवतो आणि "त्यातूनच कापा" म्हणतो. मग फुटकी काच काय नि धड काच काय, त्याला सारखीच.

दुसरा, अकरा महिन्यांनी माणूस बदला, म्हणजे करार नोंदवायलाही नको. हा निव्वळ गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. कागद नसेल तर अटींबाबत किरायदाराचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. शिवाय लेकरांच्या शाळेपायी तालुक्याला खोली केलेल्या बाईला मेमध्ये निघायचंच आहे हे ठाऊक असेल, तर ती नळाचा वायसर कशाला बदलेल?

माळवदाचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना माझा मुद्दा लगेच कळेल. मृगाआधी वर माती टाकून चोपली नाही, तर खाली राहणारा कितीही नेटका असो, पावसाळ्यात पातेली मांडून बसतो. आज स्लॅब आला, हिशेब तोच. घर घेतलं तसं राखावं, वापरानं होणारी झीज सोडून, हे किरायदाराचं कर्तव्य १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहेच. मालकांना ते पाठ असतं. पण भाडे कायद्याचं कलम १४ दुरुस्ती मालकावर टाकतं, हे सोयीनं विसरलं जातं. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालक हलला नाही, तर किरायदार स्वतः दुरुस्ती करून खर्च किरायातून कापू शकतो, वर्षाच्या किरायाच्या चौथाईपर्यंत.

तेव्हा आधी वाटणी करा. केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडेकरू कायद्यात ती तयार आहे: रंग, पाइप, वायरिंग मालकाकडे, वायसर, मोरीची सफाई, बटणं किरायदाराकडे. नमुना बंधनकारक नाही, पण ती यादी करारामागे जोडायला कुणाची ना आहे? सोबत खोली देतानाचे फोटो, दरमहा पावती, आणि निघताना खोली पाहून त्याच दिवशी डिपॉझिट परत.

माझ्या वरच्या खोलीत गेल्या उन्हाळ्यात, टँकरचं पाणी विकत घेत होतो तेव्हा, नळ गळायला लागला. पाइपच सडला होता. किरायदारानं सांगितलं त्याच संध्याकाळी मी प्लंबर घेऊन गेलो, एवढंच. परवा सकाळी त्याचा फोन: "काका, टाकी वाहू लागली होती, मोटार बंद केलीय." मोटारीचं मी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं.