स्वदेशी उपचाराची कसोटी

राजारामपुरीतील एखाद्या जुन्या घराचा जिना पाहावा. वरच्या मजल्यावरील आजी महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत, कारण गुडघे साथ देत नाहीत. हळदीकुंकू सुटते, अंबाबाईचे दर्शन सुटते आणि घरातील मंडळी ‘वयच झाले’ असे म्हणून मोकळी होतात. ज्या करवीरनगरीत तालमीच्या मातीने पिढ्या घडविल्या, जेथे राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचे मैदान उभारले, त्या नगरीस शरीराविषयीची ही उदासीनता शोभत नाही.

सांधेदुखी एकाच प्रकारची नसते, हे भारतीय वैद्यकाने पूर्वीच ओळखले होते. झिजेमुळे होणारा संधिगत वात निराळा आणि ‘माधवनिदाना’त स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णिलेला आमवात निराळा. सकाळी तासाहून अधिक काळ सांधे आखडून राहणे, हातापायांच्या बोटांचे सांधे सुजणे ही लक्षणे दिसताच तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. तेथे विलंब झाला, तर सांधे कायमचे वाकडे होतात. दुखणे अंगावर काढणे म्हणजे सहनशीलता नव्हे.

गुडघ्याच्या झिजेवर मात्र निसर्गाचा मार्ग खरोखर उपयोगी आहे. पण तो शिस्तीचा मार्ग आहे. वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. मांडीचे स्नायू बळकट करणारे साधे व्यायाम, झेपेल तेवढे चालणे, जाणत्या शिक्षकाकडून शिकलेली योगासने आणि आखडलेल्या सांध्यास कोमट तेलाचे मर्दन व शेक यांनी वेदना सुसह्य होते. दुखऱ्या गुडघ्यांनी मांडी घालण्याचा हट्ट धरू नये. देवापुढे खुर्चीवर बसल्याने भक्ती उणी होत नाही.

याउलट बाजारात ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांचा मोह घातक आहे. दोन दिवसांत वेदना नाहीशी करणाऱ्या अशा चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ अनेकदा आढळली आहे. हाडे ठिसूळ होतात, मधुमेह बळावतो आणि बदनामी मात्र आयुर्वेदाची होते.

आयुर्वेदाचा खरा गौरव कशात आहे, हे पुण्यातील संशोधकांनी दाखवून दिले. त्यांच्या पुढाकाराने ४४० रुग्णांवर २४ आठवडे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई गुग्गुळ यांपासून सिद्ध केलेली औषधे गुडघेदुखीत सेलेकॉक्सिब व ग्लुकोसामाइन यांच्या बरोबरीची ठरली. त्याच वेळी काही रुग्णांच्या रक्ततपासणीत यकृतावरील ताणाची लक्षणे आढळली, तीही संशोधकांनी लपविली नाहीत. वनौषधीही वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावी, हा त्याचा बोध.

परंपरेवरील श्रद्धा परीक्षेला भीत नाही. जे कसोटीस उतरते ते अभिमानाने सांगावे. जे उतरत नाही ते स्वदेशीच्या नावावर खपवू देऊ नये. संपर्कास निघालेल्या कार्यकर्त्याने गल्लीतील अशा एका तरी घराचे दार ठोठवावे, त्या आजींना योग्य वैद्याकडे न्यावे आणि रोज दहा पावले त्यांच्यासोबत चालावे. समाजाची सेवा याहून निराळी काय असते?