आधी कूलर बंद करा

नागपुरात मार्च सरता सरता खिडक्यांना कूलर लागतात, ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत हलत नाहीत. पारा ४५ अंशांच्या घरात गेला की त्यांची घरघर दिवसरात्र सुरू असते. माणसं एक पट्टी वर चढवून बोलतात, टीव्हीचा आवाज पाच-सात आकड्यांनी वाढतो आणि फोनवर पुण्याचा नातेवाईक विचारतो, "तुमच्याकडे पाऊस पडतोय का?" अशा शहरात कुणी गाणं ऐकण्यासाठी आयुष्यातली पहिली स्पीकरची जोडी घ्यायला निघालं, की त्याच्यासमोर वॉट, इंच, ब्लूटूथ आणि किंमत एवढ्याच गोष्टी मांडल्या जातात. कूलरचं नाव कुणी काढत नाही.

सीताबर्डी असो की सदर, दुकानातला प्रसंग साधारण सारखाच. भिंतीवर टीव्हींची रांग, खाली साउंडबार, कोपऱ्यात रंगीत दिवे चमकवणारा कमरेएवढा टॉवर. विक्रेता मोबाईलवरून धडाधड बास असलेलं एखादं गाणं लावतो आणि काउंटरच्या काचेवर बोट ठेवतो. "भाऊ, बास पाहा न, काच हालून राहिली!" काच खरंच हालत असते. गिऱ्हाईक खूश होऊन बिल फाडतं. पंधरा दिवसांनी घरातले आजोबा किशोरी आमोणकरांचं गाणं लावायला सांगतात आणि बाई डब्यात बसून गाताहेत असं वाटायला लागतं.

वॉटचा हा सोस जुना आहे. १९९०च्या दशकातल्या टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' या अक्षरांपुढे हजार-दोन हजारांचे आकडे छापलेले असत. त्याच यंत्राच्या पाठीमागच्या पट्टीवर ते भिंतीतून किती वीज घेतं तेही लिहिलेलं असे, आणि तो आकडा एखाद्या बल्बच्या आसपास निघे. चाळीस वॉट आत घेणारं यंत्र दोन हजार वॉट बाहेर टाकणार कुठून? हा साधा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही, आणि आजही पाठीमागची पट्टी वाचणारं गिऱ्हाईक विरळाच.

कामाचा आकडा वेगळा असतो, तो म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता. माहितीपत्रकात ती ८५, ८७, ९० अशी डेसिबलमध्ये दिलेली असते. एक वॉट दिला तर एक मीटर अंतरावर किती आवाज मिळेल, एवढाच तिचा अर्थ. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे ८७ डेसिबलची जोडी आठ-दहा फुटांवरून शांत खोलीत ऐकायला एक वॉटही पुरून उरतो. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण दहा डेसिबल वाढवावे लागतात आणि त्याला दसपट वीज लागते. कूलरवर मात करायला एकाचे दहा वॉट झाले. बायको स्वयंपाकघरातून मिक्सर लावते, त्याच्यावर मात करायला दहाचे शंभर. ही चढाओढ कुणी जिंकत नाही, कारण कूलर जे गिळतो ते गाण्यातलं सगळ्यात हळू असतं. मींड संपता संपता उरलेला स्वर, तानपुऱ्याची जवारी, गायकाने घेतलेला श्वास हे सारं आधी जातं. ठेका शाबूत राहतो, म्हणून गाणं ऐकू येतंय असा भास होतो.

म्हणून चांगल्या जोडीसाठी ठेवलेल्या पैशांतला थोडा भाग कूलरकडे वळवावा, असं सुचवलं तर दुकानदार हसतील. पण पंख्याचा वेग कमी-जास्त होणारा कूलर, खिडकीच्या चौकटीत खडखडणाऱ्या पत्र्याखाली रबराच्या पट्ट्या आणि रात्री दहानंतरचा एक तास, यांनी जेवढा फरक पडतो तेवढा दहा हजार जास्त मोजूनही पडत नाही. जाता जाता एक सूचना: कूलरच्या थेट झोतात स्पीकर ठेवू नये. ती हवा ओली असते. कागदी कोन ओल धरतो आणि पेटीचा दाबलेल्या भुशाचा बोर्ड कडेने फुगतो.

मग घ्यावं काय? आधी ऐकायचं काय, ते ठरवावं. या बाबतीत नागपूरकरांना फार लांब जावं लागत नाही. मूर्तिजापूरला १९२० साली जन्मलेले वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले. सी. रामचंद्रही त्याच गुरूंचे शिष्य. 'कट्यार काळजात घुसली' १९६७मध्ये रंगभूमीवर आलं, त्याचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचेच, आणि त्यातले खाँसाहेब वसंतरावांचे. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला आज वसंतरावांचं नाव आहे. हे सगळं संगीत गळ्याभोवती उभं आहे, आणि गळ्याला किती इंची वूफर, म्हणजे खालचे स्वर देणारा भाग, लागतो याचं गणित फार अवघड नाही.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९च्या जवळ. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा खर्ज १०४च्या आसपास. पाच-साडेसहा इंची वूफरची साधी, शेल्फवर मावणारी जोडी ५०-६० हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी उतरते. ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत, जुनं हिंदी चित्रपटगीत एवढ्यावर जीव असलेल्या माणसाला वेगळा सबवूफर विकणं म्हणजे सायकलला नांगर जोडून देणं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण लंडनचं आहे. १९७०च्या दशकात बीबीसीला बाहेरच्या प्रक्षेपणासाठी वापरायच्या गाडीत मावेल असा स्पीकर हवा होता. निवेदकाचा आवाज त्यातून माणसासारखा यावा, ही मुख्य अट. अभियंत्यांनी पाच इंची वूफरची एक चिमुकली पेटी बनवली, तिचं नाव एलएस-तीन-पाच-ए. तिच्यात खोल बास नाही, लग्नाच्या वरातीत ती पहिल्या चौकात मान टाकेल. पण माणसाचा आवाज ती इतका नीट सांगते की पन्नास वर्षांनंतरही तिच्या नव्या आवृत्त्या निघतात आणि जुन्यांना भाव येतो. १९४८पासून आकाशवाणी नागपूर ऐकत आलेल्या घरांना ही अट वेगळी समजावून सांगायला नको.

दुकानात जाताना स्वतःची गाणी न्यावीत, आणि ती मराठीच न्यावीत. हा भाषेचा अभिमान नव्हे, चाचणीची सोय आहे. 'चमचा'तला च आणि 'चंद्र'तला च, 'जहाज'मधला पहिला ज आणि शेवटचा ज, न आणि ण, ल आणि ळ हे फरक मराठी कान लहानपणापासून करत आला आहे. स्पीकरचा वरचा भाग, म्हणजे ट्विटर, कर्कश असेल तर प्रत्येक स आणि श शिट्टीसारखा टोचतो. मधला भाग मळका असेल तर ळ आणि ल एकमेकांत मिसळतात. सुरेश भटांच्या गझलेतला शब्द कळायला मान पुढे करावी लागली, तर ती जोडी परत मांडणीत ठेवावी. परदेशी परीक्षणांतली जॅझची यादी घेऊन जाणाऱ्याला ही सोय मिळत नाही.

दुसरी चाचणी त्याहून सोपी. सी. रामचंद्रांचा 'अलबेला' १९५१चा, 'अनारकली' १९५३चा. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५मध्ये सुरू झालं. ही सगळी ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या पेटीत तंतोतंत एकच आवाज. दोन पेट्या नीट जुळलेल्या असतील आणि ऐकणारा बरोबर मध्ये बसला असेल, तर लता मंगेशकर दोन्ही पेट्यांमधल्या मोकळ्या जागेत उभ्या राहून गातात. तिथे काहीच नसतं, तरी बोट दाखवता येतं. आवाज एका बाजूला सरकला तर एक पेटी जवळ तरी आहे किंवा कमकुवत तरी. कुठूनच येत नाहीसा, डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटला, तर एका पेटीची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. एकाच पेटीत डावं-उजवं कोंबलेल्या साउंडबारकडून ही जागा मागू नये. त्याने मालिकेतले संवाद स्पष्ट ऐकवले की त्याचं काम झालं.

ॲलन ब्लूमलिन या इंग्रज अभियंत्याने १९३१मध्ये स्टिरिओचं पेटंट मागितलं, त्यामागे हेच होतं. सिनेमात नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं होतं. दोन कानांसाठी दोन पेट्या. नव्वद वर्षांनंतरही पहिल्या खरेदीला याहून जास्त पेट्या लागत नाहीत.

दुकानातल्या ऐकण्यावर मात्र भिस्त ठेवू नये. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून माणसांना ऐकवण्याचे प्रयोग वर्षानुवर्षं केले. नाव, किंमत, आकार दिसेनासा झाला की माणसांच्या आवडी बऱ्याच एकसारख्या निघत. सगळे स्वर सारख्या मापाने देणारा आणि बाजूलाही तसाच आवाज टाकणारा स्पीकर बहुतेकांना आवडे. पडदा काढला की लोकांचं मत पेटी पाहून बदले. शिवाय दोन जोड्यांतली जी जराशी मोठ्याने वाजते तीच चांगली वाटते, हे विक्रेत्याला ठाऊक असतं. गिऱ्हाइकाने दोन्ही सारख्याच आवाजावर लावायला सांगावं आणि डोळे मिटावेत. लोक बघतील, बघू द्यावेत. चार दिवस घरी नेऊन ऐकायला देणारा दुकानदार भेटला, तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी त्याच्याकडूनच घ्यावं.

कारण अर्धा आवाज घराचा असतो. महाल भागातल्या जुन्या वाड्यांत जाड मातीच्या भिंती, लाकडी माळवद, कोनाडे आणि कपड्यांनी भरलेली दांडी. तिथे आवाज फार उसळत नाही. मनीषनगर-बेसा भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये खाली गुळगुळीत टाइल्स, समोर उघडी भिंत आणि पडदेसुद्धा नायलॉनचे. टाळी वाजवली की ती परत येते. अशा खोलीत लाखाची जोडीही खणखणते. एक जाड सतरंजी, पुस्तकांचं उघडं कपाट आणि भिंतीवर टांगलेली गोधडी यांचा उपाय दुकानात मिळत नाही, कारण त्यावर कुणाला कमिशन नाही.

बारा बाय दहाच्या खोलीचं आणखी एक दुखणं आहे. समोरासमोरच्या भिंतींत बारा फूट अंतर असेल तर ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर त्यांच्यामध्ये अडकून घुमतो, दहा फुटांना ५६च्या आसपास. पेट्या कोपऱ्यात सारल्या की हा घुमारा वाढतो आणि तबल्याचा डग्गा ढोलासारखा वाजतो. लोक त्याला 'भारी बास' म्हणतात. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढल्या की डग्ग्याला बोटं फुटतात. शोकेसमध्ये, गणपतीच्या मूर्तीशेजारी, काचेच्या आत पेट्या बसवण्याची हौस तर सोडूनच द्यावी.

उंचीचाही मुद्दा आहे. परदेशी स्टँड सोफ्यावरच्या कानांसाठी बनतात. आपल्याकडे गाणं ऐकायला माणसं गादीवर मांडी घालून बसतात, आणि कान सोफ्यापेक्षा वीतभर खाली येतो. ट्विटर कानाच्या पातळीवर हवा, म्हणून सुताराकडून त्या मापाचे दोन घट्ट, जड चौरंग करून घ्यावेत.

छोट्या पेटीवरचा नव्या पिढीचा आक्षेप रास्त आहे. नागपुरातल्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलवर बेतलेला 'झुंड' २०२२मध्ये आला, त्याला अजय-अतुल यांचं संगीत. याच जोडीने २०१६च्या 'सैराट'साठी हॉलिवूडमध्ये सिंफनी वाद्यवृंद मुद्रित केला. तिथे पाच इंची वूफर अपुरा पडतो, हे कबूल करायला हवं. अशा घराने साडेसहा इंची घ्यावा आणि पुढे गरज वाटली तर सबवूफर जोडावा. मात्र पहिल्याच दिवशी पाच पेट्यांचा होम थिएटर संच आणला, की तेवढ्याच पैशांत पाचही पेट्या हलक्या मिळतात.

राहता राहिला अॅम्प्लिफायरचा प्रश्न. आतच अॅम्प्लिफायर असलेली जोडी सोयीची, वायरी कमी. पण नागपूरच्या उन्हाळ्यात वीज जाते, येते, उसळते आणि आतलं सर्किट गेलं की अख्खी पेटी दुरुस्तीला जाते. साध्या पेट्या आणि वेगळा, खराखुरा ३०-५० वॉटचा अॅम्प्लिफायर असेल, तर यंत्र बिघडलं तरी पेट्या घरात राहतात. जुनी जोडी स्वस्तात मिळाली तर आधी जाळी काढून कोनाची कडा बोटाने दाबून पाहावी. फोमची कडा काही वर्षांनी भुगा होते, रबराची टिकते.

खरेदीची वेळ मात्र जपावी. मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत आणि सवलतीच्या फलकाखाली जोडी निवडू नये. जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस होऊन जाऊ द्यावेत. कूलरची मोटर बंद होते, घर अचानक इतकं शांत होतं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. त्या संध्याकाळी उसनी आणलेली जोडी लावून वसंतरावांची एक तान वरच्या षड्जापर्यंत जाऊ द्यावी आणि गोदरेजच्या कपाटावरचं कुठलं पातेलं तिच्याबरोबर वाजतं ते शोधत बसावं.